पडणे मात्र खरेच असते

डॉक्टर मंडळींच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार किंवा बदलती जीवनशैली यांवर लेख यावेत, हे स्वाभाविकच आहे. तेथे कुस्तीवर, आणि तीही दूरचित्रवाणीवरील ‘खोट्या’ कुस्तीवर, लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. विषय वाटतो तितका आपल्या व्यवसायापासून दूर नाही, हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानात येईलच.

८ सप्टेंबर २०२३ रोजी आपल्या हैदराबादेत, गच्चीबावलीच्या बालयोगी क्रीडागारात, अमेरिकेतील ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ या कंपनीच्या मल्लांचा कार्यक्रम झाला. जॉन सीना हा तिचा अत्यंत लोकप्रिय मल्ल भारतीय प्रेक्षकांसमोर प्रथमच लढला. त्याने आणि सेथ रॉलिन्सने मिळून प्रतिस्पर्धी जोडीला हरविले. शहरात काही दिवस त्याची चर्चा होती. त्या चर्चेत एक वाक्य मात्र पुनःपुन्हा कानांवर येत होते, “अरे, हे अजून चालू आहे का? आम्ही तर केव्हाच पाहायचे सोडले!”

असे म्हणणारी पिढी साधारणतः १९९० च्या दशकात शाळेत होती. केबल नुकतीच घरोघरी आली होती. मल्लांची उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या लढती छापलेली पत्त्यांसारखी कार्डे मुले दप्तरात लपवून नेत असत. अंडरटेकरचे कार्ड हाती असलेल्या मुलाला वर्गात काय भाव असे, ते त्या पिढीलाच विचारावे. एवढे वेड असलेल्या प्रेक्षकाने पाहणे सोडले, ते का?

या प्रश्नाचे ठरीव उत्तर असे, की मुले मोठी झाली आणि सर्व काही आधी ठरविलेले असते हे त्यांना कळले. मला हे उत्तर पटत नाही. ठरवून केलेल्या लढतीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ असा शब्दच आहे. म्हणजे ही कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींना १९५० च्या दशकात लोक लोटत होते. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगांनी लू थेझ याला हरवून जगज्जेतेपद मिळविले. पुढे १९८७ साली ‘रामायण’ मालिकेत त्यांनीच हनुमान साकारला आणि लोकांनी त्या रूपालाही मनोभावे हात जोडले. आखाड्यातला पराक्रम किती खरा होता, याचा हिशेब कोणी मांडत बसले नाही. बालगंधर्व स्त्री नव्हते हे नाट्यगृहातील प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेतला इतिहास तर याहून बोलका आहे. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर यांतून सुटका व्हावी म्हणून १९८९ साली या कंपनीच्या चालकांनी न्यू जर्सी राज्यात स्वतःच सांगून टाकले, की आमचा व्यवसाय म्हणजे खेळ नसून मनोरंजन आहे. गुपित फुटल्याने प्रेक्षक पळणार असते, तर १९९० च्या दशकात ही कुस्ती बुडायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या भरभराटीचा काळ त्याच दशकाच्या अखेरीस आला. आपल्या मुलांच्या दप्तरांत ती कार्डे आली, तीही या कबुलीनंतरच!

मग प्रेक्षक सोडून जातो तो केव्हा? माझ्या मते प्रेक्षक आणि मल्ल यांच्यात एक अलिखित करार असतो. प्रेक्षक म्हणतो, “निकाल ठरलेला आहे हे मला माहीत असूनही मी दोन तास विश्वास ठेवीन, पण तुम्ही जय आणि पराजय यांना किंमत दिली पाहिजे आणि माझ्या विश्वासाची थट्टा करता कामा नये.” हा करार मोडला की प्रेक्षक उठतो.

याचे उत्तम उदाहरण ४ जानेवारी १९९९ चे आहे. डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने अटलांटामध्ये केविन नॅश आणि हल्क होगन यांची विजेतेपदाची लढत लावली. होगनने नॅशच्या छातीला एका बोटाने स्पर्श केला आणि तो सात फुटी मल्ल धाडकन आडवा झाला. विजेतेपद हस्तांतरित झाले आणि दोघे मिठी मारून हसले. त्या हसण्यात जमलेल्या हजारो लोकांचा पाणउतारा होता. अवघ्या दोन वर्षांत, मार्च २००१ मध्ये, ती कंपनी प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. तिच्या ऱ्हासाची इतर कारणेही होती, हे मान्य. परंतु प्रेक्षकांच्या मनातून ती कशी उतरली हे सांगताना जुने चाहते आजही त्या बोटाकडेच बोट दाखवितात.

दुसरे कारण अतिरेकाचे. ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम २०१२ पासून अनेक वर्षे तीन तासांचा होता. त्याच्या जोडीला दुसरे कार्यक्रम होतेच. आज हरलेला मल्ल आठ दिवसांनी काहीच न घडल्यासारखा त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतो. पराभवाने काहीच बदलत नसेल, तर विजयाने तरी काय बदलणार? शिवाय औषधाची सवय झाली की मात्रा वाढवावी लागते, हे आपण जाणतोच. जून १९९८ मध्ये मिक फोली हा मल्ल पिट्सबर्ग येथे लोखंडी पिंजऱ्याच्या छतावरून खालच्या टेबलावर फेकला गेला आणि साऱ्या जगाचा श्वास रोखला गेला. त्यानंतर साध्या पटकणीने कोणाचा श्वास रोखला जाणार?

कोणी म्हणेल, हा खोट्या कुस्तीचा दोष आहे. आपल्या मातीतल्या खऱ्या कुस्तीला असे भय नाही. दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही. आपल्या पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील लातूर भागाने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल महाराष्ट्राला दिला. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि १९७७ साली बेळगावात दिल्लीच्या सतपाल यांना अस्मान दाखविले. इतकी वर्षे लोटली, तरी मराठवाड्यातून येथे येऊन स्थायिक झालेल्या घरांतील वडीलधारी मंडळी ती कुस्ती काल झाल्यासारखी सांगतात. एका निकालाने दोन माणसांचे स्थान कायमचे ठरले. म्हणून ती कुस्ती स्मरणात राहिली.

आता अलीकडचे पाहू. १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून त्या गदेला मान आहे. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणामुळे एकाच महिन्यात दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळील फुलगाव येथे सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी ठरला आणि धाराशिव येथे शिवराज राक्षे. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरून वाद होऊन पंचांना लाथ मारण्यापर्यंत मजल गेली, अंतिम लढतीत एका मल्लाने मैदान सोडले आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. या लढती नुरा नव्हत्या. मल्लांचा घाम खरा होता, वर्षानुवर्षांची मेहनत खरी होती. तरीही सामान्य रसिक विचारू लागला, “यंदाचा केसरी नेमका कोणता?” हा प्रश्न विचारावा लागतो, तेथेच किताबाची किंमत ओसरते. म्हणजे खरेपणाने प्रेक्षक टिकतोच असे नाही आणि खोटेपणाने तो जातोच असेही नाही. जय-पराजयाचा अर्थ नाहीसा झाला, की तो जातो.

येथवर मी प्रेक्षक म्हणून लिहिले. डॉक्टर म्हणून आणखी एक कारण मला दिसते, आणि माझ्यापुरते तेच सर्वांत जड आहे.

या कुस्तीतला निकाल ठरलेला असतो. पडणे ठरलेले असले तरी खोटे नसते. रिंगण म्हणजे पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेले कापड. हनुवटी छातीकडे घेऊन, पाठ सपाट ठेवून पडायचे, म्हणजे आघात सर्वत्र विभागला जातो, एवढीच त्यातली विद्या. परंतु वर्षाकाठी शंभराहून अधिक रात्री असे पडणाऱ्या माणसाच्या मणक्यांमधील चकत्यांना पटकथा वाचता येत नाही. कपाळावरून वाहणारे रक्त कित्येकदा मल्लाने लपविलेल्या पात्याने स्वतःच काढलेले असे. पण ते रक्तच असे.

लहानपणी ज्यांना आपण राक्षस समजून टाळ्या वाजविल्या, त्यांच्याकडे वैद्यकीय शिक्षणानंतर पाहिले की वेगळेच दिसू लागते. पुढे आलेला जबडा, रुंद हात, जाड झालेली त्वचा. अ‍ॅक्रोमेगलीचे वर्णन आपण पाठ केलेले असते. ‘आंद्रे द जायंट’ हा फ्रेंच मल्ल या व्याधीमुळेच अजस्र होता आणि १९९३ साली, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, हृदय बंद पडून गेला. आपला ‘द ग्रेट खली’ २००७ मध्ये जगज्जेता झाला, तेव्हा देशभर कौतुक झाले. २०१२ मध्ये त्याच्या पिट्यूटरी ग्रंथीवरील गाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या शरीराचे तिकीट लावले जात होते, ते उपचाराच्या प्रतीक्षेत असलेले शरीर होते.

पुढची उदाहरणे अधिक क्लेशदायक आहेत. मे १९९९ मध्ये ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने उतरताना खाली कोसळून मरण पावला आणि त्या रात्रीचा कार्यक्रम तसाच पुढे चालू राहिला. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो ३८ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. जून २००७ मध्ये क्रिस बेन्वा याने पत्नी आणि लहान मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार होणाऱ्या आघातांमुळे झालेला गंभीर ऱ्हास आढळला. एवढ्या भीषण कृत्याचे कारण केवळ मेंदूच्या कापांत शोधणे योग्य नव्हे, हे खरे. तथापि डोक्यावर खुर्ची हाणण्याच्या प्रकारावर त्या कंपनीने २०१० मध्ये बंदी घातली, यावरून काय ते समजावे. त्यातही हे मल्ल कंपनीचे नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. प्रेक्षकाला हे एकदा कळले, की त्याच्या टाळ्या हातातच थबकतात. नाटकातला वध पाहून आपण टाळ्या वाजवितो, कारण पडदा पडल्यावर नट उठून घरी जातो. येथे तो उठतो. पण किती वर्षे उठेल, हे सांगता येत नाही.

मग ही कुस्ती नष्ट व्हावी असे मला वाटते का? नाही. १३ डिसेंबर २०२५ रोजी जॉन सीना निवृत्त झाला. ‘कधीही हार मानू नका’ हे ब्रीद मिरविणाऱ्या या मल्लाने अखेरच्या लढतीत गुंथरपुढे हार पत्करली, तेव्हा सभागृहात आणि जगभर चाहते संतापले. निकाल कोणीतरी लिहिलेला होता, हे त्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी संताप आला. कारण त्या हारण्याला किंमत होती. ज्या खेळाबद्दल अजून इतका राग येऊ शकतो, तो मेलेला नाही.

प्रश्न उरतो तो आपल्या घरातील आणि दवाखान्यातील मुलांचा. १ एप्रिल २०२५ पासून हे कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर दिसू लागले. म्हणजे ते थेट मुलांच्या हातातील फोनवर आले. पालक मोठ्या विश्वासाने मुलांना सांगतात, “अरे, ते सगळे खोटे असते!” माझ्या मते हे अर्धसत्य घातक आहे. खोटे असते म्हणजे कोणाला लागत नाही, असा सरळ अर्थ मूल काढते आणि धाकट्या भावाला पलंगावर आपटून पाहते. मनगट, हासळी किंवा मान दुखावून आलेले असे मूल आपल्यापैकी अनेकांनी तपासले असेल.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती, की अशा मुलाला हसण्यावारी नेऊ नये आणि त्याचे आवडते मल्ल खोटे आहेत, असे म्हणून त्याला हिणवूही नये. त्याला जवळ बसवून मणक्याचे चित्र दाखवावे. निकाल ठरलेला असतो, पण पडणे खरेच असते. ते पडणे शिकायला त्या मल्लांना वर्षे लागली आहेत आणि तरीही त्यांची शरीरे मोडली आहेत, हे त्याला सांगावे. एवढे समजल्यावर त्याला पाहायचे असेल तर त्याने खुशाल पाहावे. पाहायचे सोडले, तरी ते कोणी फसविले म्हणून नव्हे, समोर पडणारा माणूस दिसू लागला म्हणून सोडावे.