द्रोणागिरीच्या मुलांचं गाऱ्हाणं कोणाच्या टेबलावर?

मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग यांस,



२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरकर रुळांवर उतरले. शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला याचा संताप होताच, पण पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं याचाही होता. दुसऱ्याच दिवशी शासनाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. चांगलंच झालं. मला बोलायचंय ते शाळेच्या फाटकाबाहेरच्या मुलांबद्दल.

सिडकोच्या द्रोणागिरी वसाहतीत जिथे इमारत उठते, तिथे आधी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उठतात. स्लॅबच्या दिवशी आई-बाप दोघंही कामावर. काँक्रीट पूर्ण पडेस्तोवर सुट्टी नाही. सहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन हिंडते आणि तहान लागली की शेजारच्या खोलीतल्या काकांकडे पाणी मागते. बहुतेक काका भलेच असतात. पण महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात निम्म्या प्रकरणांतले अत्याचारी मुलांच्या ओळखीतले, विश्वासातलेच निघाले होते. टॉवरमध्ये तरी वेगळं काय? तिथे ट्यूशनचे सर, नात्यातला दादा, आणि वर घराण्याची अब्रू.

२०२५ पर्यंत लागू असलेला १९९६ चा बांधकाम कामगार कायदा पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तरच साइटवर पाळणाघर मागायचा. एकेका साइटवर इतक्या बायका असतात कुठे?

पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे आणि कागदावर तो मायाळू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, अधिकाऱ्याने वर्दीत यायचं नाही, रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही, चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. माहिती असून गप्प बसणं हाही गुन्हा. फक्त ही माहिती घेऊन जायचं कुणाकडे? पोलीस आयुक्तालय बेलापूरला, तुमचं कार्यालय अलिबागला, वसाहतीचं नियोजन सिडकोकडे. गावात सरपंचाची बालसंरक्षण समिती असते, शहरात प्रभागाची. इथे सेक्टरांना नगरसेवक नाही आणि गावच्या सरपंचाला सोसायटीवाले ओळखत नाहीत.

बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हा बालसंरक्षण कक्षावर देखरेख ठेवण्याचे अधिकार तुमच्याकडे आले. ते वापरून द्रोणागिरीसाठी वेगळी समिती नेमा. तिच्यात आशाताई, अंगणवाडीताई, सोसायट्यांचे सेक्रेटरी हवेत आणि मुकादमही हवा, कारण त्या पत्र्याच्या खोल्यांत कोण आलं, कोण गेलं हे त्यालाच ठाऊक असतं. प्रत्येक साइटच्या फलकावर बिल्डरच्या नावाखाली मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा आकडा ठळक लिहायला लावा, मराठीत आणि हिंदीत. आसपासच्या साइटना मिळून एक पाळणाघर चालवण्याची अट बांधकाम परवानगीत घालावी, असं सिडकोला कळवा. खर्चाचं रडगाणं येईल. ते ऐकून घ्या, अट मात्र ठेवा.

पहिली बैठक रविवारी, द्रोणागिरीतच ठेवावी. एरवी इथले आई-बाप घरी सापडत नाहीत.

आपला,
द्रोणागिरीतील एक रहिवासी