शहरे मोजू नका, अंतरे मोजा
युरोपात रेल्वेने फिरू पाहणाऱ्या जोडप्याने शहरांची संख्या नव्हे, त्यांच्यामधली अंतरे आधी पाहावीत. पॅरिस, बार्सिलोना, रोम ही नावे यादीत शोभतात, पण ती जोडताना दिवसच्या दिवस डब्यात जातात. उलट प्राग ते व्हिएन्ना साधारण ४ तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन. सकाळी निघालेले दोघे दुपारी नव्या शहरात पायी हिंडू शकतात. स्वस्त विमाने आहेतच की, असे कोणी म्हणेल. पण विमानतळ बहुधा गावाबाहेर, दोन तास आधी पोहोचायचे, सामानाचे पैसे अनेकदा वेगळे. रेल्वेची मुख्य स्थानके मात्र शहरातच असतात. युरेलचा ३३ देशांत चालणारा रेल्वे पास मोकळीक देतो, हे खरे; तरी फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत त्यावर आरक्षणशुल्क पडते, आणि तीनच शहरांसाठी आगाऊ काढलेली सुटी तिकिटे बऱ्याचदा स्वस्त पडतात. पुन्हा कधी जाणार, मग सगळेच का पाहू नये, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण एकमेकांसाठी काढलेली सुट्टी बॅगा भरण्यात संपू नये. कमी शहरांत अधिक रात्री राहणाऱ्यांनाच ती शहरे खऱ्या अर्थाने भेटतात.