बर्फावरची खुर्ची



आमच्या अभनपूरला मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पारा 44 च्या आसपास, कूलर घरघरतोय, आणि त्याच्यासमोर बसून मी तुम्हाला बर्फाची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. ही गोष्ट उन्हापासूनच सुरू होते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थोडक्यात एमएस. अकरा वर्षं झाली. सोप्या भाषेत सांगायचं तर विजेच्या तारेवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं आपल्या मज्जातंतूंवरही एक आवरण असतं. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा ते आवरण कुरतडते. मेंदू हुकूम देतो, पण तो पायापर्यंत नीट पोहोचत नाही. आजार संसर्गजन्य नाही, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. काहींचा आजार येतो-जातो. माझा मात्र आता हळूहळू पुढेच सरकणाऱ्या टप्प्यात आहे.

उन्हाचं आणि या आजाराचं फार वाकडं. अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी पाय जड होतात, नजर धूसर होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये पाहिलं, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ मंदावते. पुढे लक्षात आलं की खरं कारण उष्णता आहे. अंग निवलं की त्रास ओसरतो, कायमचं नुकसान होत नाही. पण छत्तीसगडच्या उन्हाळ्यात निवायचं कुठे?

"ताई, तू फेब्रुवारीत ये"

माझी धाकटी बहीण अमेरिकेत डेन्व्हरला राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तिचा फोन आला. "ताई, तू फेब्रुवारीत ये. तुला स्कीइंगला नेते."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तेव्हा मी काठी घेऊन, भिंत धरून चालत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे न्हाणीपर्यंत जाताना मला हाक मारतेस, आणि बर्फावर कोणाला मारशील?" शेजारीण तर डोळे मोठे करून म्हणाली, "दीदी, बरफ मा कइसे रेंगबे?" बर्फात चालणार कशी? मी म्हटलं, चालायचं नाही, बसून जायचं.

हे मात्र गप्प होते. रात्री वही काढून हिशेब मांडला. तिकिटाच्या पैशात वर्षभराची फिजिओथेरपी झाली असती. खोटं नव्हतं ते. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ, तोवर पैसे साठतील."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मी हीच असेन का?"

सगळ्यांसाठी पुढचं वर्ष म्हणजे नवं कॅलेंडर. वाढत जाणाऱ्या आजारात पुढचं वर्ष म्हणजे वेगळं शरीर. दोघंही बराच वेळ बोललो नाही. सकाळी चहा देताना ते म्हणाले, "पासपोर्ट कुठे ठेवलाय?"

बसून घसरायचं कसं?

स्कीइंग म्हटलं की दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात काठ्या, एवढंच मला माहीत होतं. तिथे गेल्यावर कळलं की शरीराप्रमाणे साधनं बदलतात. एक पाय नसेल तर एका पट्टीवर उभं राहायचं आणि दोन्ही हातांत अशा कुबड्या घ्यायच्या, ज्यांच्या टोकाला छोट्या पट्ट्या असतात. दोन्ही पाय आहेत पण तोल नाही, तर पायांच्या दोन पट्ट्या आणि कुबड्यांच्या दोन. उभं राहता येत नाही पण कमरेवरचं अंग मजबूत आहे, तर एका पट्टीवर बसवलेली बादलीसारखी खुर्ची. आणि कंबरही डगमगत असेल तर तशीच खुर्ची, पण खाली दोन पट्ट्या. हिला म्हणतात बाय-स्की. माझ्या वाट्याला ती आली.

खुर्चीत बसवून मला चार पट्ट्यांनी आवळलं. मागे प्रशिक्षक, त्याच्या हातात खुर्चीला बांधलेले दोर. मी चुकले तर तो वेग आवरणार. वळायचं कसं? जिकडे जायचं तिकडे बघायचं आणि खांदा तिकडे झुकवायचा. बस.

वर जायला फिरत्या पाळण्यासारखी चेअरलिफ्ट होती. ती जरा हळू केली, दोघांनी मला खुर्चीसकट उचलून पाळण्यात ठेवलं. खाली पांढरं शुभ्र जंगल. मला लहानपणीची आमची धमतरीची छोटी रेल्वे आठवली, तीही अशीच डुलत जायची.

वरून खाली बघितलं आणि पोटात गोळा आला. पहिल्याच वळणावर मी कलंडले. बर्फ तोंडात, चष्मा तिरका. प्रशिक्षकाने उभं केलं आणि काही झालंच नाही अशा थाटात विचारलं, "पुन्हा?" दुसऱ्यांदा मी डावीकडे झुकले आणि खुर्ची खरंच डावीकडे वळली! अकरा वर्षांत माझ्या शरीराने माझं ऐकलं नव्हतं असे कितीतरी दिवस गेले. त्या दिवशी खांदा हलवला आणि सगळा डोंगर वळला. वारा गालांवर टोचत होता आणि मी मोठमोठ्याने हसत होते. खाली बहीण उभी होती, तीही हसत होती आणि रडत होती.

आणखी एक गंमत. त्या थंडीत माझी नजर दिवसभर लख्ख होती. जो ऊन्हाळा मला घरी खिळवून ठेवतो, त्याच्या बरोब्बर उलट. अर्थात सगळ्यांना थंडी मानवते असं नाही. काहींचे स्नायू गारठ्यात आणखी आखडतात.

खरं तेही सांगते. पुढचे तीन दिवस मी पलंगावर होते. चमचा उचलायचा कंटाळा यावा इतका थकवा. ते तीन दिवस त्या एका दिवसाची किंमत होती. मला ती परवडली.

विश्रांती की हालचाल?

कोलोरॅडोत हे काम जुनं आहे. 1970 मध्ये विंटर पार्क या ठिकाणी डेन्व्हरच्या बालरुग्णालयातल्या, हातपाय गमावलेल्या 23 मुलांना स्कीइंगचा एक धडा द्यायचं ठरलं. हॅल ओ'लिअरी नावाच्या प्रशिक्षकाने तो दिला. एका धड्यापुरतं सुरू झालेलं ते काम पुढे मोठी संस्था बनलं. त्यानंतर सहा वर्षांनी, 1976 मध्ये, स्वीडनमध्ये पहिल्या हिवाळी पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या.

पण माझ्या मनात घर केलं ते जिमी ह्यूगा यांनी. अमेरिकेचा हा स्कीपटू. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. 1970 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी एमएसचं निदान झालं. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला एकच असायचा: श्रम टाळा, पडून राहा. ह्यूगा काही वर्षं तसे राहिले, आणि शरीराबरोबर मनही खचत गेलं. मग त्यांनी स्वतःच व्यायाम, पोहणं, सायकल असा आपला क्रम आखला. 1984 मध्ये इतर रुग्णांसाठी केंद्र काढलं. आजार थांबला नाही; पुढे त्यांना चाकाची खुर्ची घ्यावी लागली. 2010 मध्ये, 66 व्या वर्षी ते गेले.

नंतर विज्ञानही त्याच वाटेने आलं. 1996 मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमएसच्या काही रुग्णांकडून 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा, 40 मिनिटं व्यायाम करून घेतला. त्यांचा दम आणि ताकद वाढली, मनाची उदासीही कमी झाली. आज डॉक्टर झेपेल तेवढा व्यायाम करायलाच सांगतात.

घरी परतल्यावर

आता मनातलं सांगते. दोन वर्षं मी चाकाच्या खुर्चीला नाही म्हणत होते. खुर्ची घेतली म्हणजे हरले, असं वाटायचं. त्यापायी पुतण्याच्या लग्नाला गेले नाही. रायपूरला महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला जाणं बंद केलं. "लांब पडतं" म्हणायचे. लांब कसलं, तीस किलोमीटरही नाही.

त्या डोंगरावर मात्र मी खुर्चीतच होते, आणि तिथे कोणाला कीव आली नाही. खुर्ची होती म्हणून मी डोंगरावर होते. चार कुबड्यांवाले, एका पायाचे, बसलेले, सगळे त्याच उतारावर. प्रशिक्षक सांगत होता, त्याच्याकडे काहीजण वर्षानुवर्षं येतात. आधी उभ्याने, मग कुबड्यांवर, मग बसून. साधन बदलतं, येणं थांबत नाही.

परतल्यावर पंधरा दिवसांत खुर्ची आणली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं! त्या वर्षी गणपतीत मी मंडळात गेले, आरतीला पहिल्या रांगेत. कोणी काही विचारलं नाही, फक्त एका काकूंनी मोदकाचं ताट धरायला माझ्या मांडीवर दिलं. तेवढ्या वेळासाठी मी सगळ्यात उपयोगी माणूस होते.

तुमच्या घरी कोणी असेल तर

बर्फावर जाण्याचा योग आला तर आधी न्यूरोलॉजिस्टना विचारा. तिथे नोंदणी करताना आजार, वजन, तोल, सगळं खरं सांगा. त्यावरच साधन ठरतं. पायांना संवेदना कमी असेल तर दर फेरीनंतर बोटं तपासा, कारण गारठलेलं कळत नाही. घट्ट पट्ट्यांखालची त्वचाही बघा. पुढचे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

पण बर्फच हवा असं कुठे आहे? पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना अनेक वर्षांपासून नृत्य शिकवतात. ज्यांची पावलं अडखळतात, ती माणसं संगीतावर पाय टाकतात. पोहण्याचा तलाव असेल तर गार पाणी एमएसवाल्यांचा मित्रच. तेही नसेल तर सकाळी सहाला अंगणात बसून हात फिरवा. मी तेच करते.

कागदपत्रांचंही बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहेत. प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून काम करते आहे, त्यांच्याशी बोला. एकट्याने गूगल करत बसू नका.

आणि घरच्यांनो, "तू बस, मी करते" हे प्रेमाने म्हणता, कळतं. पण कधीतरी "कसं करूया?" असंही विचारून बघा.

यंदा माझा उजवा हातही कुरकुरू लागला आहे. हा लेख बराचसा मोबाइलला बोलून लिहिला. मोबाइलने "बर्फ"चं तीनदा "बर्फी" केलं. ते वाचून सासूबाईंना बर्फीची आठवण झाली आहे, तेव्हा आता थांबते.