घरचे आरोग्य : सुंठ उगाळण्याआधी



वर्षावास सुरू झाला की विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. याच दिवसांत जुलाबही डोके वर काढतात. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली; पण शहापूर-मुरबाडच्या कितीतरी पाड्यांवर बायांच्या हंड्यात येते ते पावसाचे गढूळ पाणी. मग लेकराला ढाळ लागले की सासूबाई सुंठ उगाळायला बसतात.

सासूबाईंचे सगळेच चुकते असे नाही. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना ज्या औषधी मुळ्यांची अनुमती दिली, त्यांत हळदीच्या जोडीने आलेही आहे. पालीत त्याला ‘सिंगिवेर’ म्हणतात. ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. आले वाळले की त्यातल्या काही जिंजेरॉलचे शोगाओल होते, म्हणून सुंठ जास्त झोंबते. शिजवले की झिंजेरोन तयार होते. ते चवीला सौम्य. जपानचे हिरोशी नोमुरा यांनी १९१७ साली त्याचा अभ्यास मांडला. २००७ साली तैवानच्या संशोधकांना दिसले, की जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय जंतूचे विष आतड्याच्या पेशींना चिकटण्यास आले अटकाव करते आणि ते काम बहुधा झिंजेरोनचे असावे.

पण हे जुलाब थांबले ते उंदरांचे! आपले लेकरू दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. सुंठ ती तूट भरून काढत नाही. मीठ-साखरेचे पाणी काढते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले.

उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. दर ढाळीनंतर थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मागा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडले किंवा मूल मलूल झाले, तर तडक सरकारी दवाखाना गाठा.

केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. सुंठीवाचून खोकला जाईलही. पण पाण्यावाचून लेकरू जगणार नाही.