विश्लेषण : चिनी लढाऊ विमानांना गिऱ्हाईक किती?

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षानंतर चीनच्या ‘जे-१० सी’ विमानाची जगभर चर्चा झाली. पण चर्चा म्हणजे मागणी नव्हे.

घेते कोण?
पाकिस्तानने २०२२ मध्ये ‘जे-१० सी’ ताफ्यात घेतले. पाकिस्तानबरोबर बनवलेले ‘जेएफ-१७’ म्यानमार, नायजेरिया, अझरबैजानकडे गेले. कमी किंमत आणि अटींचा कमी जाच, ही चीनची जमेची बाजू.

अडते कुठे?
‘जेएफ-१७’चे इंजिन रशियन. शिवाय विमान घेतले की सुटे भाग, क्षेपणास्त्रे, प्रशिक्षण यांसाठी विक्रेत्याशी अनेक दशके संसार करावा लागतो. अर्जेंटिनाने २०२४ मध्ये ‘जेएफ-१७’ऐवजी डेन्मार्ककडची जुनी ‘एफ-१६’ पसंत केली.

आपले काय?
अर्जेंटिनाने ‘तेजस’चाही विचार केला होता, तेही मागे पडले. नाशिकजवळ ओझरच्या ‘एचएएल’मध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘तेजस मार्क-१ए’च्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले, क्षमता वर्षाला ८ विमाने. मात्र अमेरिकी इंजिने उशिरा आल्याने आपले हवाई दलच ताटकळले. चीनला नावे ठेवून गिऱ्हाईक येणार नाही. घरी वेळेवर पोहोचलेल्या मालाकडेच बाहेरचा वळून पाहतो.