पियानोंच्या देखभालीचे वार्षिक नियोजन आणि मनुष्यबळ यांबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, व्यवस्थापन समिती,
संगीत विद्यालय, मुंबई

विषय : पियानो देखभालीचे नगावर दर ठरवणारे कंत्राट बंद करून कामाच्या तासांवर आधारित वार्षिक नियोजन करणे व पूर्णवेळ तंत्रज्ञाचे पद निर्माण करणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पाश्चात्त्य संगीत विभागाचे शिक्षक, विद्यार्थी व पालक हे निवेदन सादर करीत आहोत. देखभालीच्या चालू कंत्राटाची मुदत मार्चअखेर संपते आहे. नव्या निविदेचा मसुदा कागदावर उतरण्यापूर्वी आमचे म्हणणे समितीपुढे यावे, अशी विनंती आहे.

विद्यालयात अपराइट आणि ग्रँड मिळून चाळीस पियानो आहेत. कंत्राटाप्रमाणे प्रत्येकाचे वर्षातून दोनदा ट्यूनिंग होते आणि दर नगामागे ठरलेली रक्कम दिली जाते. काम अर्थातच सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते. एका पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि नीट ट्यूनिंगला दीड ते दोन तास लागतात. पण मंजूर दरात दिवस भागवायचा तर ट्यूनरला एका दिवसात सात-आठ पियानो उरकावेच लागतात. याचा दोष आम्ही त्यांना देत नाही. उरकण्याचा दर ठरवला की उरकलेलेच काम हाती येणार.

शिवाय ट्यूनिंग हा देखभालीचा एक भाग झाला. पट्टी किती खाली जावी (साधारण दहा मिलिमीटर), हातोडी तारेच्या किती जवळ पोहोचल्यावर सुटावी, डॅम्पर केव्हा उचलला जावा, हे सारे जुळवणे म्हणजे रेग्युलेशन. वापराने दाबून कडक झालेला हातोडीवरचा नमदा सुयांनी मोकळा करून आवाजातला कर्कशपणा काढणे म्हणजे व्हॉइसिंग. या दोन्ही कामांसाठी कंत्राटात एक ओळही नाही. परिणाम असा की सरावखोलीतल्या एका अपराइटची मधल्या सप्तकातली ‘डी’ची पट्टी पावसाळा सुरू झाला की दाबल्यावर वर येत नाही. मुले ती बोटाने उचकटून पुढे वाजवतात. काही जण तर तो स्वर गाळूनच सराव करतात, आणि ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षेत चांगल्या वाद्यापुढे बसल्यावर नेमके तिथेच अडखळतात.

पावसाळ्याचा प्रश्न आम्ही सविस्तर मांडू इच्छितो, कारण दोन ट्यूनिंगच्या तारखा ठरवताना त्याचा विचारच झालेला दिसत नाही. मुंबईत जुलैमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. साउंडबोर्डचे लाकूड ओलावा शोषून फुगते, तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. मात्र मधल्या पट्ट्यांत जास्त आणि खर्जात कमी, त्यामुळे पियानो स्वतःशीच बेसूर होतो. पट्ट्यांच्या नमद्याच्या बुशिंग फुगून अडकतात, तारा गंजतात, नमद्याला कसर लागते. हवा कोरडी होऊ लागली की हेच चक्र उलटे फिरते. जूनच्या सुरुवातीला केलेले ट्यूनिंग त्यामुळे ऑगस्टपर्यंतही टिकत नाही.

वर्गातील वातानुकूलन यंत्रे तासापुरती चालतात आणि संध्याकाळी बंद होतात. आर्द्रतेच्या या रोजच्या चढउतारापेक्षा यंत्र नसलेले परवडले. अपराइटच्या खालच्या फळीआड कमी वॉटचा पिवळा दिवा जळता ठेवण्याची जुनी युक्ती आपल्याकडेही होती. विजेची बचत म्हणून ते दिवे काढून एलईडी बसवण्यात आले. उजेड कायम राहिला, ऊब गेली. आणि पियानोच्या पोटात उजेडाचा काही उपयोग नसतो.

किती पियानोंना किती माणसे लागतात, याचा हिशेब नव्याने शोधण्याची गरज नाही. अमेरिकेतील पियानो टेक्निशियन्स गिल्डने शिक्षणसंस्थांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शिकेत एका पूर्णवेळ तंत्रज्ञामागे ६० पियानो हा पाया धरून वाद्यांची अवस्था, वय, दर्जा, हवामान-नियंत्रण, वापर आणि अपेक्षित दर्जा यांप्रमाणे गुणक लावण्याची पद्धत आहे. आपल्याकडील दमट हवा, जुनी वाद्ये आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचा वापर पाहता गुणक ०.६ धरला, तर एका माणसाच्या वाट्याला ३६ पियानो येतात. म्हणजे चाळीस पियानोंना एक पूर्णवेळ तंत्रज्ञही थोडा कमीच पडेल.

तासांत मांडले तरी चित्र तेच. वर्षाला चार ट्यूनिंग, प्रत्येकी दोन तास, म्हणजे ३२० तास. सरावखोल्यांतील पंधरा पियानोंचे ट्यूनिंग दरमहा करायचे तर आणखी २४०. एका पियानोच्या पूर्ण रेग्युलेशनला दोन-तीन दिवस जातात. दरवर्षी एक-तृतीयांश वाद्ये घेतली तरी महिन्याभराहून अधिक काळ त्यातच जातो. तुटलेल्या तारा, सभागृहातील ग्रँडची मैफलीपूर्वीची तयारी हे वेगळेच. आज आपण विकत घेतो ते जेमतेम ऐंशी तास.

म्हणून आमची मुख्य मागणी पूर्णवेळ तंत्रज्ञाच्या पदाची आहे. त्यांच्या हाताखाली एक शिकाऊ उमेदवारही असावा, कारण हे काम जाणणारी माणसे शहरात मोजकीच आहेत आणि हात तयार व्हायला वर्षे लागतात. पद मंजूर होईपर्यंतच्या काळासाठी निविदा नगावर न काढता तासांवर काढावी व तीत रेग्युलेशन आणि व्हॉइसिंगचे तास स्वतंत्र दाखवावेत. प्रत्येक पियानोची नोंदवही ठेवावी. ट्यूनिंगची तारीख, त्या वेळची आर्द्रता आणि शिक्षकांची तक्रार तीत लिहिली जावी. सभागृह आणि सरावखोल्यांत आर्द्रताशोषक यंत्रे चोवीस तास चालू ठेवावीत, आणि तोवर निदान ते पिवळे दिवे परत लावावेत. त्याला निविदा लागत नाही.

आणखी एक, बिनखर्चाची मागणी. मैफलीच्या दिवशी ट्यूनिंगसाठी सभागृह दोन तास पूर्ण रिकामे व शांत मिळावे. सध्या त्याच वेळी खुर्च्या ओढल्या जातात, माइक तपासले जातात आणि झाडलोटही चालते.

निविदेची जाहिरात देण्यापूर्वी समितीने आमच्या दोन प्रतिनिधींना चर्चेस बोलवावे आणि वरील मागण्यांवरील निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
पाश्चात्त्य संगीत विभागाचे शिक्षक, विद्यार्थी व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)