कमलाची मैत्री

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ (१९८१) नाटकात पत्रकार जयसिंग बातमीसाठी एक आदिवासी बाई २५० रुपयांना विकत आणतो. ती त्याच्या बायकोला, सरिताला, साधेपणाने विचारते की, तुम्हाला केवढ्याला घेतलं? वर सुचवते, दोघी मिळून राहू, कामं वाटून घेऊ. सरिताला स्वतःची गुलामी दिसते, ती संपण्याची आशाही वाटू लागते. आणि कमला? सरिताचा विरोध डावलून तिची रवानगी आश्रमात होते.

मोशीतल्या आमच्या गटात हे नाटक वाचलं, तेव्हा एकजण म्हणाली, “तिला कुठं राहायचंय, हे कुणी विचारलं?”

मैत्रिणींनो, कथा-नाटकांत विकल्या गेलेल्या मुलीची मैत्री बरेचदा दुसऱ्याला जागं करण्यापुरतीच उरते. सोडवलेल्या मुलींना वेगवेगळ्या गृहांत पाठवताना आपण कार्यकर्त्या तरी त्यांच्या मैत्रीचा विचार करतो का?